विंगेतला आवाज

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं आणि नायक शांतारामराव बोरकरच असायचे. श्यामकांत देवस्थळी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचा. शांतारामरावांची सगळी भाषणं त्याला पाठ होती. घरी तो ती आरशासमोर म्हणायचा. त्याची बायको कुमुद वैतागायची. "अहो, हळू! शेजारचे सरदारजी रोज विचारतात, 'भाभीजी, आज फिर झगड़ा?'"

त्याला नायक व्हायचं होतं. ऑफिसातल्या प्रमोशनचीही त्याला एवढी आस नव्हती. पण दिग्दर्शक श्रीरंग दरवर्षी हसून टाळायचा, "यार श्यामकांत, तू स्टेजवर गेलास तर शांतारामरावांना कोण सांभाळणार?"

शांतारामराव लांब भाषणात मध्येच अडायचे. विंगेकडे मान जराशी कलती करायचे. श्यामकांतने पुढचा शब्द दिला की असे उसळायचे, की ते अडणंही लोकांना अभिनय वाटायचं.

त्या वर्षी त्यांनी मान कलती केली आणि श्यामकांत गप्प बसला.

त्यांनी पुन्हा मान कलती केली. मग सरळ वळून विंगेत बघितलं. पहिल्या रांगेत त्यांचे साहेब सहकुटुंब बसले होते. मागून कोणीतरी शीळ घातली, मग हशा झाला. पडदा पाडावा लागला.

"शब्द का नाही दिलास?" आत येऊन शांतारामरावांनी विचारलं.

"दोनदा दिला," श्यामकांत म्हणाला. "तुम्हाला ऐकूच आला नाही का?"

शांतारामराव त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "अच्छा. दिला होतास," एवढंच म्हणाले.

त्यांनी ते खरं मानलं. श्यामकांत कधी चुकला नव्हता, म्हणजे आपलेच कान गेले, डोकं गेलं. ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले काही नाही, तर त्यावरही त्यांचा विश्वास बसेना. ऑफिसात फाइलवर सही करण्याआधी समोरच्या कारकुनाला विचारायचे, "मी हे वाचलं ना?" कारकून नंतर कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करायचे. सरोजिनी नगरच्या बाजारात त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई त्यांना एकटं पाठवेनाशा झाल्या. हे सगळं श्यामकांत बघत होता. बघून काही बोलला नाही, कारण पुढच्या वर्षीचा नायक ठरायचा होता.

तो ठरला. नाटकातला सेनापती आपल्या राजाला विष घालून गादीवर बसतो. तीच भूमिका श्यामकांतला मिळाली.

तालमीच्या पहिल्याच दिवशी शांतारामराव आले. म्हणाले, "पाठ राहत नाही आता. पण वाचता येतं. पुस्तक माझ्याकडे द्या, विंगेत मी बसतो."

"दुसरं कोणी नाही का?" श्यामकांतने श्रीरंगला बाजूला घेऊन विचारलं.

"अरे, म्हातारा स्वतःहून आलाय. नाही कसं म्हणू?"

तालमींत शांतारामरावांचा शब्द नेमका वेळेवर यायचा, आणि श्यामकांतला तेच सहन होईना. त्याला वाटायचं, हा आत्ता गोड वागतोय, प्रयोगाच्या दिवशी दगा देणार. आपण जे केलं ते दुसरा करणार नाही, हे त्याला पटतच नव्हतं. त्याचं जेवण सुटलं.

"एवढी हौस होती ना? आता घास का उतरत नाही?" कुमुद विचारायची. तो ताटावरून उठायचा.

प्रयोगाला पहिला अंक त्याने फार चांगला केला. हे कबूल करायला हवं. शांतारामरावांनीही असा केला नसता. दुसऱ्या अंकात डोक्यावर मुकुट चढला, दरबाराने जयजयकार केला आणि त्याचा पुढचा शब्द गेला.

"ही गादी माझ्या मनगटाची आहे," विंगेतून आलं.

वाक्य बरोबर होतं. श्यामकांतला मात्र वाटलं, हे आपलं वाक्य नव्हेच. भलतंच काही बोलायला लावून हा आपलं हसं करणार. तो गप्प राहिला. शांतारामरावांनी वाक्य पुन्हा दिलं. मग पुन्हा, मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

श्यामकांत विंगेकडे वळून ओरडला, "खोटं! खोटं वाक्य देताय! मी तुम्हाला मुद्दाम शब्द दिला नाही, त्याचा सूड घेताय, शांतारामराव!"

मागच्या पोरांना तो नाटकातलाच संवाद वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगा मात्र थिजल्या. प्रमोदिनीबाई उभ्या राहिल्या. कुमुदने पदर तोंडाशी नेला.

श्रीरंग धावत विंगेत आला. "पडदा! पडदा पाडा!"

"पडदा नको," शांतारामराव म्हणाले. "उभा राहू दे त्याला."

त्यांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग विंगेतल्या स्टुलावर बसूनच सेनापतीचं भाषण म्हणायला सुरुवात केली. एक शब्द चुकला नाही. आवाज सगळ्या सभागृहात भरला आणि श्यामकांत मुकुट घालून मध्ये उभा राहिला. तो नुसतेच ओठ हलवत होता आणि दर वाक्याला मागे पडत होता. पोरांच्या ते ध्यानात आलं. "अंकल, जल्दी!" एक ओरडला आणि हशा उसळला. शांतारामराव थांबले नाहीत. उलट त्यांनी वेग वाढवला.

भाषण संपलं तशा टाळ्यांचा कडकडाट झाला. श्यामकांतने छातीवर हात ठेवला आणि लोकांपुढे वाकला. टाळ्या थांबल्या तरी तो वाकलेलाच होता. शेवटी दरबारातल्या दोघांनी त्याला दंडाला धरून आत नेलं. जाताना तो त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होता, "चांगलं झालं ना? शेवटचं भाषण चांगलं झालं ना?"