शून्याने भागलेली भरती

कासूजवळच्या खारबांधाला शेतातले पाणी खाडीत सोडणारी एक उघाडी होती. तिच्या लाकडी झडपेतून भरतीचे खारे पाणी भातशेतीत शिरू लागले, तर गावकऱ्यांच्या मोबाईलवर इशारा जावा, यासाठी फिजा पेणच्या एका लहान कंपनीत प्रोग्राम लिहीत होती. बांधाच्या आतले पाणी ज्या वेगाने चढते त्याला बाहेरच्या वेगाने भागायचे, त्याची चालती सरासरी काढायची आणि ती मर्यादेपलीकडे गेली की इशारा द्यायचा, एवढाच हिशेब होता.

चाचणीच्या वेळी, प्रोग्राममधल्या चुका पकडणाऱ्या 'सॅनिटायझर' नावाच्या तपासणीने नेमके त्या भागाकारावर बोट ठेवले: शून्याने भागाकार.

"ती तपासणी बंद कर गो," शेजारी बसणारा हितेश म्हणाला. "दशांशातल्या भागाकारानं प्रोग्राम बंद पडत नाय. फार तर अनंत येईल, मग इशारा वाजेलच."

"आणि दोन्हीकडे शून्य असलं तर?"

"तुमच्या कासूची खाडी काय चहा प्यायला थांबते?"

फिजा हसली. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ स्थिर उभे राहते, हे तिने लहानपणी बांधावर बसून कितीदा पाहिले होते. पण यंत्र बसवायला गाडी निघायची होती. तिने तपासणी बंद केली.

पुढे एका भरतीला आत-बाहेर दोन्हीकडे पाणी थांबले. शून्याला शून्याने भागून जे आले, ती संख्याच नव्हती. ते सरासरीत मिसळले आणि आधीच्या सरासरीवरूनच पुढची निघत असल्याने नंतरची प्रत्येक सरासरी तशीच निघू लागली. मर्यादा ओलांडली का, या प्रश्नाला तिचे उत्तर कायम 'नाही'. उधाणात झडपेत ओंडका अडकून ती उघडी राहिली, तेव्हाही मोबाईलच्या पडद्यावरचा दिवा हिरवाच होता. बांधालगतचे धोंडुबाईंचे शेत खाऱ्या पाण्याखाली गेले.

दुरुस्ती अगदी थोडी होती. बाहेरचा वेग शून्य असेल तर भागायचेच नाही, आतले पाणी चढते आहे का तेवढे पाहायचे. ती करून फिजा कासूला गेली.

"तुमची पेटी बोलली नाय गो," धोंडुबाई म्हणाल्या.

"पाणी थांबतं हे मला ठाऊक होतं, मावशी. तरी मी ते प्रोग्राममध्ये लिहिलं नाही. आता बोलेल ती."

धोंडुबाईंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"बोलू दे. शेजारच्या कमळाकरचं शेत तरी वाचंल. माझं दोन-तीन पावसांनी धुतलं, तर बघू."

फिजा त्यांच्यासोबत बांधावर उभी राहिली. खाली शेतात मीठ पांढरे दिसू लागले होते.