पाच नसलेला फासा

हसू नका, मित्रांनो! मी एक जुना फासा आहे हे खरं, पण जुगाराचा नव्हे. माझा सगळा व्यवहार चिंचोक्यांचा.

माझा जन्म नरडाण्याचा. खाजा सुताराने मोडक्या खाटेच्या पायातून मला कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि तापल्या खिळ्याने अंगावर ठिपके डागले. एक आणि सहा झाले, तीन आणि चार झाले. दोन डागले, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मग चहा, मग गप्पा. परत येईतो खाजाच्या डोक्यात दोनच घोळत होते. उरलेल्या शेवटच्या बाजूवर पाच डागायचे, तिथेही त्याने दोनच डागले! समोरासमोरच्या बाजू एकदम कुणाला दिसतात? मला ठाऊक होतं, पण मी सांगणार कसा?

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळी सुट्टीतली. खाजाने मला आपल्या भाचीला, रईसाला देऊन टाकलं. बारा वर्षांची ती. तिचे अब्बा नूर महंमद दुकानांच्या पाट्या रंगवत. शेजारचा लीलाधर तिच्याहून वर्षाने मोठा आणि भारी नियमबाज. त्याने एक खेळ रचला होता, नाव ‘मुलूख’. रईसाच्या ओसरीवर पोरं रोज दुपारी डाव मांडत. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळं बोलून खेळायचं. लीलाधर व्यापारी, त्याचा मित्र भिकन शिपाई. रानात काय भेटलं, बाजारात काय मिळालं, ते मी ठरवायचो. दोन पडले तर दोन चिंचोके, सहा पडले तर सहा. पाच पडले की दरोडा, सगळं गेलं! आता दरोडा पडत नाही म्हणून तक्रार कोण करील? “हाऊ फासा दोनवर भाळेल शे,” असं भिकन म्हणायचा, तेवढंच.

खेळातलं आपलं काम निवडताना रईसा म्हणाली, “मी चित्रकार व्हसू.”

लीलाधर हसला. “चित्रं काढीसन कोनं पोट भरस?”

तिचा चेहरा एकदम पडला. तिच्या घरची चूल रंगाच्या डब्यांवरच पेटत होती. “आमनं भरस,” ती म्हणाली. “तू नियम लिख.”

मग लीलाधरने वहीत लिहिलं: कलावंताने रोज खरंखुरं चित्र काढावं आणि फासा टाकावा. पाच पडले तर नऊ चिंचोके बिदागी, नाहीतर काही नाही. पाच क्वचितच पडतात, बिदागीही क्वचितच मिळते, हा त्याचा हिशेब. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी खेळातली तापी ओलांडायची, नावेचं भाडं माणशी नऊ चिंचोके. ज्याच्याकडे नसतील त्याच्या कामाचं पान वहीतून फाडायचं, पुन्हा मुलखात ते काम कुणी करायचं नाही.

आणि पाच तर माझ्या अंगावर नव्हतेच!

रईसाने जुन्या कॅलेंडरांच्या पाठी भरून टाकल्या. मालगाडीचे डबे काढले, कापसाची गाडी काढली, भिकनची आजी तानुबाई विडी ओढताना काढली. ती तर इतकी हुबेहूब, की भिकन खो खो हसत सुटला. आणि प्रत्येक चित्रानंतर मी पडायचो. तीन. दोन. एक. पुन्हा दोन. मला कुतूहल वाटायचं, तानुबाईच्या त्या विडीची किंमत माझ्या कोणत्या बाजूवर लिहिलेली असेल? माझ्यावर तर नुसते ठिपके! एकोणीस दिवस मी त्या पोरीला रिकाम्या हाती उठवलं. लाज वाटायची हो.

शेवटचा दिवस आला. खेळातले खर्च वजा जाता लीलाधरकडे अकरा चिंचोके उरले, भिकनकडे दहा, रईसाकडे शून्य. काढायला काही उरलंही नव्हतं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि मलाच उचललं. माझं चित्र! तिला माझ्या सहाही बाजू कागदावर उलगडून हव्या होत्या. ती एकेक बाजू बघत गेली, ठिपक्यांच्या कडांचा जळका रंगसुद्धा तिने सोडला नाही. सहावी बाजू काढली आणि तिचा हात थांबला. मला पुन्हा उलटलं, पुन्हा पालटलं.

“अरे, यामा पाच शेच नही!”

लीलाधरने मला हिसकावून घेतलं. बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. “माले माहीत नव्हतं, रईसा. देवानी आन.”

“माहीत नव्हतं, ते खरं,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पन एकोनीस चित्रं काढी मी. तू फासाच दखत ऱ्हायना. चित्र एक बी दखं नही.”

लीलाधरने तिच्यापुढचा कागद ओढला आणि पहिल्यांदाच बघत बसला. बघता बघता बोटाने ठिपके चाचपायला लागला, खोल आहेत की काय म्हणून. कागद सपाट होता. तो स्वतःशीच हसला.

“कितलाले देशी?”

“नऊ.”

त्याने नऊ मोजून दिले.

“अरे येडा!” भिकन ओरडला. “तुनाकडे दोनच ऱ्हायनात. नावमा कसा बसशी?”

“नही बसाव,” लीलाधर म्हणाला. त्याने वहीतून व्यापाऱ्याचं पान स्वतःच्या हाताने फाडलं. चित्रकाराच्या पानावर जुना नियम खोडून नवा लिहिला: कलावंतासाठी फासा टाकू नये. चित्र नीट बघावं, मग दोघांनी बोलून किंमत ठरवावी.

मित्रांनो, त्या दिवसानंतर चित्रांच्या कामातून मी कायमचा सुटलो. पुढे खाजाने खिळा तापवून माझ्या एका बाजूवर तीन ठिपके वाढवले. चटका बसला, पण सोसला. मग पोरं मोठी झाली, मी बटणांच्या डब्यात जाऊन पडलो. धूळ बसते, कुणी विचारत नाही. त्याचं फारसं वाटत नाही. एकच मागणं आहे. कुणी तुमच्यापुढे मन लावून केलेलं काही ठेवलं, तर आधी ते डोळे भरून बघा. मी तरी काय, कुणी टाकलं की पडतो. बघणं तुमच्याच हातात आहे.