गिरीजच्या मातीत उतरलेला ऑगर

मी एक जुना ऑगर आहे, मित्रांनो. नाव परके वाटेल, पण काम साधे आहे. सुतार लाकडात भोक पाडायला गिरमिट फिरवतो, तसे मला जमिनीत फिरवतात. वर आडवी मूठ, मध्ये लोखंडी दांडा, खाली पीळ दिलेले पाते. माणसाने दोन्ही हातांनी मूठ फिरवली की मी खाली उतरतो आणि वर येताना पिळात माती घेऊन येतो. आयुष्यभर एवढेच केले. आता पाते झिजले आहे, मूठ एका बाजूला कलली आहे आणि खरे सांगायचे तर मी थकलो आहे.

एका लहानशा कारखान्यात मला भट्टीत तापवून पीळ दिला. अंगावर निळा रंग होता, तो पहिल्या वर्षीच मातीत घासून गेला. माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने मला घेतले आणि दारामागच्या खिळ्यावर माझी जागा ठरली. तिथून मी पुष्कळ हिंडलो. भातखाचरातल्या काळ्या चिकणमातीत उतरलो, ती मला धरून बसायची, सोडायची नाही. मिठागराशेजारच्या चिखलात उतरलो. डोंगराकडच्या तांबड्या मुरमात माझे टोक बोथट झाले. सुरुवातीला सगळे माझे कौतुक करीत. मग मोटारीवर चालणारा नवा ऑगर आला आणि मला कोणी हात लावीना. एकटी विनया मला विसरली नाही. ती म्हणायची, "मोटार भोक पाडते. हातातल्याने माती कळते."

विनया प्रयोगशाळेत माती तपासायची. वसईकडच्या वाड्यांची माती कोणत्या जातीची आहे, हे ठरवण्याचे काम तिच्याकडे आले होते. मातीची जात एका चिमटीवरून ठरत नाही, मित्रांनो. माती सावलीत वाळवून, चाळून, पाण्यात कालवून तिच्यात किती क्षार आहेत ते मोजतात. पण तेवढ्याने भागत नाही. त्या जागी पाऊस किती पडतो, ऊन किती तापते हे बघावे लागते. जमीन उंचावर आहे की खोलगट, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, समुद्र किती लांब आहे, हेही बघावे लागते. तिन्ही गोष्टींचे एकमेकींशी जुळले, तरच मातीची ओळख पटली असे म्हणायचे.

हे सगळे विनयाला पाठ होते. तरी पहिल्या वेळी घाई झाली.

वसईजवळच्या गिरीज गावात फर्डिनंड नावाच्या म्हाताऱ्याची वाडी होती. केळी, थोडी भाजी, कडेला माड. वाडी खरी त्याच्या बायकोची, कॅथरिनची. फर्डिनंड मुंबईला छापखान्यात नोकरी करी. उजाडायच्या आत घर सोडी, अंधार पडल्यावर परत येई. रविवार तेवढा त्याचा घरचा. बाकीचे दिवस वाडी कॅथरिनने सांभाळली. तो निवृत्त झाला आणि थोड्याच दिवसांत ती गेली. मागच्या पावसाळ्यात. तेव्हापासून वाडीत तो एकटा होता.

आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा तोंडावर आला होता. केळीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या, जणू कोणी मेणबत्ती धरली असावी. नवे कोंब बाहेर येऊन तिथेच थांबले होते. मुलगा जॉयल विरारहून आला होता. तो तिकडे फ्लॅटमध्ये राही.

"मॅडम, खाडीचं पाणी आत आलंय. दुसरं काही नाही," जॉयल म्हणाला. "मी पप्पांना कधीपासून सांगतोय. इथे सुट्टीवाल्यांसाठी खोल्या बांधू. किनाऱ्यावर राजोडीला सगळे तेच करतात ना. आणि तुम्ही माझ्याकडे चला. इथे एकटे काय करताय?"

फर्डिनंड बांधावर बसला होता. तो जॉयलशी भांडला नाही. विनयाला एवढेच म्हणाला, "मॅडम, तुम्ही बघा. माती मेली असेल तर मी जातो त्याच्याकडे. मेली नसेल तर नाही जाणार. तिची वाडी आहे."

"कुठे कुठे बघू?" विनयाने विचारले.

त्याने करपलेल्या केळींकडे बोट दाखवले. "जिथे दुखतं तिथेच बघा की. डॉक्टर काय बऱ्या पायाला पट्टी बांधतो?"

विनयाने ऐकले. मला पाटाच्या वरच्या टोकाशी, करपलेल्या केळींजवळ, हातभरच खोल उतरवले. माती मऊ होती, भुरी, हाताला रेतीसारखी. मी ती वर आणली आणि आम्ही निघालो. मला त्या दिवशी पुसायला ती विसरली. रात्रभरात माझ्या पात्यावर लाल गंज धरला. साध्या वाडीच्या मातीने मी एवढा कधी गंजलो नव्हतो. पण ऑगरला कोण विचारतो?

निकाल आला : माती खारट, केळीच्या उपयोगाची नाही. विनयाने तो फर्डिनंडला फोनवर सांगितला.  तो म्हणाला, "बरं. जॉयलला कळवतो."

फोन ठेवला, पण विनयाचे मन लागेना. ती टेबलाशी बसून पावसाच्या नोंदी आणि वाडीचा नकाशा बघू लागली. मी दारामागे टांगलेला, मला तिचे पुटपुटणे ऐकू येत होते. "एवढा पाऊस पडतो, तोही रेताड जमिनीवर. मीठ वाहून जायला हवं. वाडी उंचवट्यावर आहे, खाडी खाली आहे. मग मीठ वर चढलं कसं?" तिने मला खिळ्यावरून काढले, पात्यावरचा गंज बघितला आणि "एकाच जागेची माती, तीही हातभरच खोल!" म्हणत कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गिरीजला. जॉयल दारात सामान बांधत होता. फर्डिनंडच्या चार खुर्च्या, कॅथरिनचा फोटो, येशूची तसबीर.

"आता काय राहिलं मॅडम? रिपोर्ट आला ना?"

"माझा आधीचा नमुना अपुरा होता," विनया सरळ म्हणाली. "मला आज दिवसभर वाडी द्या."

त्या दिवशी मी जेवढा राबलो तेवढा कधी राबलो नसेन. तिने मला दांड्याला दांडा जोडून खोल उतरवले. वर भुरी माती, तिच्याखाली पिवळी रेती, आणखी खाली शिंपल्यांचा चुरा. फार फार पूर्वी इथे समुद्राचा काठ होता, त्याची ती खूण. दर थराची माती तिने बाटलीत पाण्याबरोबर हलवली आणि छोटे मीटर बुडवून बघितले. जसजसे खाली जावे तसतशी माती गोडी होत गेली. मग तिने बावखलाचे पाणी तपासले. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमधले गोड्या पाण्याचे डबके, त्यातूनच शिंपण होते. ते पाणी गोडे निघाले. कुंपणापलीकडे कॅथरिनची बहीण इनेझ राही. तिच्या वाडीतली माती तर अगदी निरोगी निघाली.

विनया फर्डिनंडपाशी येऊन बसली. "काका, खाडीचं मीठ असतं तर ते खालून वर आलं असतं. खोल गेलं की वाढलं असतं. इथे उलटं आहे. मीठ फक्त वर आहे, पावसाने धुतलेलं नाही, म्हणजे मागचा पावसाळा संपल्यानंतर आलेलं आहे. ते वरून पडलंय. पाटाच्या तोंडाशी तो माड आहे ना, त्याच्या आळ्यात सगळ्यांत जास्त आहे. तिथून पाणी केळींना जातं. तुम्ही माडाला मीठ घालता?"

"घालतो की," फर्डिनंड म्हणाला. "कॅथरिन घालायची. जाडं मीठ. माडाला लागतं."

"कधी घालता?"

"रविवारी. चर्चमधल्या मिसावरून आलो की."

"कुठल्या रविवारी?"

"दर रविवारी."

 कुंपणापलीकडून इनेझचा आवाज आला. ती कधीपासून कान देऊन होती. "दर रविवारी? भावजी, माडाला मीठ घालताय की माडाचं लोणचं घालताय?"

"तू गप गो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मिसावरून आली की चप्पल न काढता सरळ माडाकडे जायची. ओंजळभर मीठ घेऊन."

"बघितलं असेल! वर्षातून एकदा बघितलं असेल! पाऊस सरला की एकदा घालायचं असतं ते. आमची आई तेच करायची, कॅथरिन तेच करायची, मी तेच करते. तुम्ही घरी असायचात कधी? रविवारी! दर वर्षी बघितलंत ते रविवारीच, म्हणून तुम्हाला वाटलं दर रविवारी!"

फर्डिनंडने आपल्या ओंजळीकडे बघितले. मग हळूच म्हणाला, "केळी सुकायला लागली. मला वाटलं वाडीला माझी ओंजळ लहान पडते. तिचा हात भरलेला असायचा. म्हणून मी डबा भरून घालायला लागलो."

कोणी हसले नाही. इनेझसुद्धा नाही. जॉयल खुर्ची हातात घेऊन उभा होता, त्याने ती खाली ठेवली.

"माती मेली नाही, काका," विनया म्हणाली. "माडाचं आळं टाळून बावखलाचं पाणी थेट केळींना सोडा. उरलंसुरलं पावसाळा धुऊन नेईल. फक्त मीठ बंद करा."

त्याला आनंद होईल असे मला वाटले होते. पण तो माडाकडे बघत राहिला. त्याने विचारले, "मग रविवारी मिसावरून आल्यावर मी काय करू, बाय?"

विनयाने मीटर पुसून पिशवीत ठेवले. याचे उत्तर त्याच्यावर येत नाही. शेवटी इनेझच म्हणाली, "माझ्याकडे चहाला या. मीपण एकटीच पिते."

यंदाचा पावसाळा सरल्यावर आम्ही परत गेलो. मी सगळीकडे उतरलो, माडाच्या आळ्यातही. माती गोडी झाली होती. केळींना नवी पाने फुटली होती. विनयाने गिरीजच्या वाडीची माती गोडी आणि लागवडीची म्हणून नोंदली. जॉयल म्हणाला, "म्हणजे पप्पा येत नाहीत," आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. फर्डिनंडने त्या दिवशी मूठ स्वतः धरली. त्याला जोर फारसा नव्हता, मलाही नव्हता. आम्ही दोघे सावकाश खाली गेलो.

ते माझे शेवटचे उतरणे. आता पिळात माती नीट टिकत नाही, वर येईपर्यंत गळून जाते. विनयाने मला तेल लावून खिळ्यावर ठेवले आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्याला काम झाल्यावर पुसून ठेवा, एवढे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठे एक सांगायचे आहे. तुमच्या घरात कोणीतरी रोज तुमच्यासाठी राबत असेल. झाडांना पाणी घालत असेल, डाळ शिजवत असेल, दिवा पुसत असेल. सुट्टीच्या दिवशी लांबून बघू नका. जवळ जाऊन उभे राहा आणि विचारा, हे किती घालतेस, कधी घालतेस, कशासाठी घालतेस. फर्डिनंडचे हे कॅथरिनला विचारायचे राहून गेले. त्याने मातीला विचारले, मातीने सांगितले. पण मातीला थोडेसेच माहीत होते. बाकीचे कॅथरिनला माहीत होते.