दोराचं खालचं टोक

गावाबाहेरच्या कड्याशी धाकटी सहा वर्षं झुंजत होती. दात घासताना ती एका हाताने दाराच्या चौकटीला लोंबकळायची. चौकट खिळखिळी झाली, पण बोटं लोखंडासारखी झाली. दर रविवारी ती कड्यावर, आणि खाली दोर धरून थोरली. थोरली शिवणकाम करायची. स्टुलावर चढून पडदा अडकवायचा म्हटलं तरी तिला गरगरायचं. पण बहिणीचा जीव परक्याच्या हातात कसा द्यायचा?

चढणारी मंडळी धाकटीला 'वाघीण' म्हणत. ही वाघीण चढण्याआधी झुडपाआड जाऊन ओकायची आणि थोरली तिची पाठ चोळायची, हे त्यांना कुठून माहीत असणार!

शेवटी एका रविवारी माथा हातभर राहिला असताना वाघिणीची बोटं निसटली. दोर वर खडकातल्या कडीतून ओवलेला; त्याच्या हिसक्यासरशी खाली थोरली उचलली गेली आणि खडकावर आदळली. डाव्या मनगटात कटकन वाजलं, पण उजव्या हातातला दोर तिने सोडला नाही.

"ताई, लागलं का गं?" वरून आवाज आला.

"मला काय धाड भरलीय? तू वर बघ!"

धाकटी पुन्हा भिडली आणि माथ्यावर पोचली. मनगट मोडल्याचं तिला खाली उतरल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी वार्ताहर घरी आला. धाकटी पाऊण तास ताईबद्दलच बोलली. तो मान डोलावत राहिला आणि निघताना थोरलीला म्हणाला, "तुम्हालाही चढायची आवड आहे का?"

"छे हो, मी आपली खाली असते."

छापून आलं: 'निर्भय वाघिणीने एकटीने जिंकला कडा!' शेजारच्या फोटोत कोपऱ्यात थोरलीचं कोपर तेवढं आलं होतं. धाकटी संतापून वार्ताहराला फोन लावायला निघाली. "जाऊ दे गं," थोरली हसत म्हणाली, "कोपर बरं आलंय."

प्लास्टर दीड महिना राहणार होतं. तोवर दोर धरायला व्यायामशाळेतला प्रशिक्षक आला. दंड असे, की दोन धाकट्या सहज पेलतील. सरावाच्या लहानशा सुळक्यावर वाघीण पंधरा फूट चढली, आणि तिथेच अडली. तीनदा चढली, तीनदा उतरली. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी तिने गळ्यात हात बांधलेल्या थोरलीलाच सोबत आणलं.

थोरली सावलीत दगडावर टेकली. "उजवा पाय! अगं, उजवा म्हणजे उजवा! खाच दिसत नाही का? डोळे कुठे गेले तुझे?"

धाकटी सरसर पंधरा फुटांच्या पुढे गेली.

प्रशिक्षक गोंधळला. "मी काही सांगू का त्यांना?"

"तुम्ही दोर घट्ट धरा," थोरली म्हणाली, "आणि मध्ये बोलू नका."

धाकटी चाळीस फुटांवर पोचली तेव्हा नुसतं वर बघूनच थोरलीला चक्कर आली. तिने डोळे मिटून घेतले. ओरडणं तेवढं चालू ठेवलं.