खिळ्यावरचा कोट

उजव्या बाहीवरचा डाग काही केल्या निघेना, तेव्हा त्याने ती दगडावर पसरली, साबणाची वडी उभी धरून फिरवली आणि गुडघ्यांवर बसून अंगाचा सगळा भार ब्रशवर टाकला. दुधाचा डाग होता, जुना, थरावर थर चढलेला. असल्या डागाला गरम पाणी लावले की तो जन्माचा बसतो, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. सगळी हयात लाँड्रीच्या दुकानात गेली होती. खिशापाशी झाडाचा डिंक चिकटला होता, तो त्याने कंदिलातल्या रॉकेलचा बोळा लावून सोडवला. कॉलर तर इतकी मळली होती की मूळ रंग कोणता, हे शिवण उलटी करून बघावे लागले. शेवटचे पाणी नितळ निघाले तेव्हा त्याला बऱ्याच दिवसांनी बरे वाटले. बाहीवर पुसटसा डाग राहिला तो राहिलाच.

कोट त्याच्या मुलीचा होता. तिला जाऊन दीड महिना झाला होता.

या जंगलातल्या कॅम्पवर ती स्वयंसेवक म्हणून आली ती सहा महिन्यांसाठी, आणि राहिली दोन वर्षे. चार तंबू, गवताने शाकारलेले स्वयंपाकघर, पाण्याची पिंपे आणि ओढ्यापलीकडे अनाथ जनावरांसाठी घातलेले कुंपण, एवढ्यावर तिचा जीव रमला होता. मग ताप आला, तो तिने अंगावर काढला आणि शहरात नेईपर्यंत उशीर झाला. तिचे सामान न्यायला तो काल शिधा आणणाऱ्या गाडीतून आला होता. गाडी परत जाणार आठवड्याने. तोवर इथे बसून करायचे काय? तिची ट्रंक त्याने उघडून पाहिली, तर मैत्रिणींनी सगळे कपडे धुऊन, घड्या घालून ठेवले होते. मग कुंपणाच्या दारावर, खिळ्याला लटकणारा तिचा हा कोट दिसला. चिखल, धूर, शेण, काय नव्हते त्याच्यावर. त्याचे हात शिवशिवले.

निघताना बायको दारात म्हणाली होती, “अहो, बाकी काही नाही आणलंत तरी चालेल. तिच्या अंगावरचा एखादा कपडा आणा. असेल तसा आणा.”

फाटका असला, विटका असला तरी आणा, असा त्याने अर्थ लावला होता. पण म्हणून एवढा घाणेरडा कोट आईच्या हातात द्यायचा? आपला धंदा काय, आपण करतो काय?

कोट झाडाच्या फांदीवर टाकून तो सुरकुत्या झटकत होता, तेवढ्यात डॉक्टर आल्या. जनावरांच्या डॉक्टर. हा कॅम्प त्याच चालवत. हातात दुधाची मोठी बाटली होती. रिकाम्या खिळ्याकडे, मग फांदीकडे बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

“काका, हा कोट तुम्ही धुतलात?”

“म्हटलं, तेवढाच आपला हात लागेल. बाहीवरचा डाग तेवढा राहिला बघा.”

डॉक्टर काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले.

“छान निघालाय,” त्या म्हणाल्या.

आणि तो ओला कोट तसाच अंगात चढवून त्या कुंपणात गेल्या. बाईचे डोके ठिकाणावर आहे ना, असे त्याच्या मनात आले.

आतमध्ये एक रेडकू होते, रानम्हशीचे. पाय लटपटते, कान अंगापेक्षा मोठे. कोट दिसताच ते धावत आले आणि दोन हातांवर येऊन थबकले. नाक पुढे काढून त्याने हुंगले, फुस्स केले आणि मागे मागे जात कोपऱ्यात उभे राहिले. डॉक्टरांनी बाटली धरून बराच वेळ वाट पाहिली. रेडकू हलले नाही.

दुपारी तेच झाले. संध्याकाळी ते कोपऱ्यात बसून होते आणि उठलेही नाही. तंबूपाशी कॅम्पवर काम करणारी पोरे हळू आवाजात बोलत होती. तो जवळ गेला की गप्प होत होती. शेवटी त्याला राहवेना.

“डॉक्टर, माझं काही चुकलंय का?”

डॉक्टरांनी चुलीपाशी त्याला बसायला जागा केली.

“काका, त्याला परत कळपात जायचंय. म्हणून त्याला माणसं ओळखू द्यायची नाहीत. आम्ही त्याच्याशी बोलत नाही, आणि पाजायला कोणीही गेलं तरी तोच कोट घालून जातो. त्याला तोंडं कळत नाहीत, वास कळतो. तो कोट आम्ही कधी धुतला नाही.”

“पण आमच्या पोरीचाच कोट का?”

“चिखलात रुतलेलं तिलाच सापडलं. याच कोटात गुंडाळून तिनं आणलं त्याला. पहिले कितीतरी दिवस तिच्या कुशीत झोपायचं.” डॉक्टरांनी चुलीतले लाकूड उगाचच पुढे सारले. “ती गेली, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.”

त्याने हात नाकाशी नेले, त्यांना साबणाचा वास होता. त्याला बायकोचे बोलणे आठवले. असेल तसा आणा. आणि त्याच्याही आधीचे आठवले. मुलगी गेल्यावर हातांना काही सुचेना म्हणून त्याने तिच्या खोलीतली चादर, उशीची खोळ, दाराआडचा गाऊन, सगळे एका दिवसात धुऊन काढले होते. बायको बाहेरून आली, दोरीवर वाळणारी ती खोळ बघून उंबऱ्यातच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मुलीच्या आठवणीने रडते आहे, असे वाटून त्याने तिला पाणी आणून दिले होते. तिने त्याला एका शब्दाने विचारले नाही, का धुतलेत म्हणून. आणि आता न धुतलेला एकच कपडा उरला होता, तोही त्याने स्वतःच्या हाताने, गुडघ्यांवर बसून, धुतला होता.

त्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग उठला.

“डॉक्टर, मळवता येईल मला तो. कपडा कशानं मळतो, हे मला नाही कळणार तर कोणाला?”

त्याने कोट अंगात घातला. रेडकू लोळायचे त्या चिखलात तो पाठीवर आडवा झाला, या कुशीवरून त्या कुशीवर वळला. कुंपणातले शेण त्याने पाठीला फासले, कॉलरवर शिळे दूध ओतले, चुलीच्या धुरात उभा राहून डोळ्यांतून पाणी काढले. पोरांना आधी हसू आले आणि मग कोणीच हसेना. ज्या माणसाने गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर एक ठिपका कधी राहू दिला नाही, तो स्वतःच्या पोरीचा कोट घाण करत होता, आणि तो घाण करावा कसा, हे त्याला खरोखर चांगले ठाऊक होते.

मग दुधाची बाटली घेऊन तो कुंपणात गेला आणि पेंढ्यावर पडला. रेडकू लांबच राहिले. पडल्या पडल्या त्याचा डोळा लागला.

उजाडता उजाडता हाताला काहीतरी खरखरीत लागले. रेडकू वाकून त्याची बाही चाटत होते. उजवी बाही, जिथला डाग निघाला नव्हता. चाटता चाटता त्याने कापड तोंडात धरले आणि चोखू लागले. त्याने दुसऱ्या हाताने बाटली हळूच ओढून घेतली आणि बाहीच्या शेजारी धरली. बोलायचे नव्हते, म्हणून तो बोलला नाही. तोंडातून आवाज निघू नये म्हणून त्याने ओठ दाबून धरले होते.

उरलेला आठवडा पाजायची पाळी त्याचीच होती. गाडी आली त्या सकाळी त्याने कोट परत खिळ्याला अडकवला.

“काका, न्या तुम्ही,” डॉक्टर म्हणाल्या. “माझा एखादा कोट त्याला चालतो का बघू. घरी वाट बघत असतील.”

“नको. पुन्हा एकदा कशाला फसवायचं त्याला?”

ट्रंक घेऊन तो निघाला. पुढे बसमध्ये शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून मागच्या सीटवर गेला, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले की आठवडाभर आपण सदराही बदललेला नाही.

घराच्या दारात तो बाहेरच उभा राहिला. सुट्टीवर आली की मुलीलाही तो इथेच थांबवायचा. आधी ते कपडे बदल, मग आत पाय टाक. तिची पिशवी आत न येता परस्पर दुकानात जायची. तिची आई मात्र त्याआधीच पुढे होऊन तिला मिठी मारायची, आणि तो दोघींवर ओरडायचा.

बायकोने दार उघडले. तिने ट्रंककडे पाहिले, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिले.

“कोट होता,” तो म्हणाला. “मी धुतला गं. मला कळलंच नाही. आता तो तिथं लागतोय, म्हणून ठेवून आलो.”

 ती एक पाऊल पुढे आली आणि थांबली. धूर, शिळे दूध, चिखल, जनावर. तिचे डोळे मिटले.

“थांब, आधी हे कपडे काढतो,” तो सवयीने म्हणाला आणि त्याचा हात सदऱ्याच्या गुंडीकडे गेला.

तिने तो हात धरला आणि कपाळ त्याच्या खांद्याला टेकवले.

“राहू द्या,” ती म्हणाली. “थोडा वेळ राहू द्या.”