रेडियमच्या तबकड्या

इंग्लंडात केंटमधल्या आमच्या हँगरात मी दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या स्पिटफायर लढाऊ विमानांचे कॉकपिट दुरुस्त करते. एका विमानातल्या अंधारात चमकणारा, किरणोत्सारी रेडियमचा रंग लावलेल्या मापकांच्या तबकड्या मी काढून टाकल्या, तेव्हा त्याचे मालक थॉर्ली भडकले.

“मूळच्याच परत बसव, ऑड्री.”

“नाही बसवणार. हा रंग आता सुटतोय. दुरुस्त करताना त्याची धूळ माझ्या हाताखालच्या पोरींच्या छातीत जाईल.”

“युद्धात वैमानिक रोज यांच्यासमोर बसायचे. ते घाबरले का?”

“त्यांना मारायला जर्मन होते, साहेब. रेडियमला सवडच मिळाली नाही.”

“मग मी विमान दुसरीकडे नेतो.”

“खुशाल न्या.” मी शिशाचा डबा पुढे सरकवला. “तबकड्या यात आहेत. उघडून मोजून घ्या.”

थॉर्लींनी दोन्ही हात खिशात घातले.

“नव्या कधी येतील?” त्यांनी विचारलं.