येते म्हणू नकोस

"मागच्या वर्षीच्या पोरीसारखा सेवेचा फोटो काढायचा असेल तर आत्ताच काढून घे. आईची वेणी घातलीय नुकतीच," मशीनवरून न उठता शिवणताई म्हणाली. गल्लीत तिला सगळे याच नावाने ओळखत.

दारातली मुलगी गोंधळली. "फोटो नको, मावशी. दवाखान्यातल्या सिस्टरांनी पाठवलंय. मला डॉक्टर व्हायचंय. त्याआधी कुणाची तरी सेवा करून बघ म्हणाल्या."

"म्हणजे पुण्य तुझं आणि म्हातारी माझी!"

सिस्टरांचा शब्द मोडवेना, म्हणून तिने मुलीला आत घेतले. पण मशीन वळवून खाटेकडे तोंड करून बसली. पाय मशीनवर, डोळे मुलीवर.

मुलीने रक्तदाब मोजायचे यंत्र काढले, तसा आईने हात मागे ओढला. मुलीने ते निमूट पिशवीत ठेवले. मग शिवायला आलेल्या गणवेशांची बटणे वाटीत ओतली आणि अर्धांगाच्या झटक्याने लुळ्या पडलेल्या बोटांनी आईला ती एकेक उचलायला लावली. एक बटण उडून आईच्याच मांडीवर पडले. आई खुदकन हसली. शिवणताईला ते हसू मुळीच आवडले नाही.

निघताना मुलगी म्हणाली, "येते हं, आजी."

मशीन थांबले. "तो शब्द या घरात नको."

"कुठला?"

"येते. मागच्या वर्षीची पोरगीही अशीच गोडबोली. शेवटच्या दिवशीसुद्धा 'येते' म्हणून गेली. आईला आता बोलण्यातली रीत कळत नाही गं. येते म्हणाली म्हणजे येणार. ती येईस्तोवर जेवायचं नाही, असा नेमच धरला तिनं. सलाईनवर ठेवावं लागलं."

"पण 'जाते' कसं म्हणायचं, मावशी? अशुभ वाटतं."

"खोट्यापेक्षा बरं."

मुलगी परत खाटेपाशी बसली. "आजी, परीक्षा झाली की मी लांब शिकायला जाणार. तोवर 'येते' म्हटलं की येणार. जायच्या दिवशी 'जाते' म्हणेन."

साखर पेरायला काय जातंय, शिवणताई मनात म्हणाली.

मुलगी येत राहिली. तापाने पडली त्या दिवशी फोन करून आजीशीच बोलली. शिवणताईने गुपचूप सिस्टरांकडे चौकशी केली.

"सेवा केल्याचं, तिला पुढच्या शिक्षणासाठी लागणारं पत्र? ते तर कधीच दिलं," सिस्टर म्हणाल्या.

मग ही येते कशाला? संशय फिटायच्या ऐवजी वाढलाच.

परीक्षा संपली. त्या दिवशी मुलगी आईचा हात धरून बसली.

"आजी, जाते."

शिवणताई मशीनवरून उठली. आईने मुलीकडे नीट पाहिले. लुळा हात तिच्या गालावरून कसाबसा फिरवला.

"बरं. जा हो, बाळ. नीट जा."

संध्याकाळी आईने आपणहून ताट मागितले. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवली.

"तू गं?" तिने लेकीला विचारले.

"भूक नाही," म्हणत शिवणताईने स्वतःचे ताट झाकून ठेवले.